यंत्राची नाडी जाणणारे सर हॅरी रिकार्डो

मोटारीच्या दर्शनी भागावर धातूच्या अक्षरांत ज्यांची नावे मिरवतात, ते निर्माते जगाला ठाऊक असतात. परंतु त्या मोटारीच्या पोटात पेट्रोल जळते कसे, किती जोराने जाळावे आणि कोणत्या क्षणी थांबावे, हे ज्यांनी आयुष्यभर शोधून काढले, त्यांचे नाव कोणत्याही वाहनावर कोरलेले नसते. सर हॅरी राल्फ रिकार्डो हे अशा व्यक्तींमधले अग्रणी होत. इंजिनावर काम करणाऱ्या साऱ्या जगाने त्यांना गुरुस्थानी मानले. सामान्य वाचकाच्या कानी मात्र त्यांचे नाव क्वचितच पडले असेल. आजकाल आमचे वरच्या वर्गांतील विद्यार्थी मधल्या सुट्टीत टर्बो, बूस्ट, अश्वशक्ती असे शब्द सहज बोलतात आणि अमक्या गाडीचा दाब वाढवला म्हणजे ती किती पळेल याचे हिशेब मांडतात. त्यांच्यासाठी हे चरित्र मुद्दाम लिहावेसे वाटले. कारण दाब वाढवणे ही गोष्ट अवघड नाही. तो किती वाढवता येतो आणि त्याला अडवते कोण, हे जाणणे अवघड. या प्रश्नाचे उत्तर रिकार्डो यांनी दिले.

हॅरीचा जन्म २६ जानेवारी १८८५ रोजी लंडन येथे झाला. रिकार्डो हे नाव आम्हा गोमंतकीयांच्या कानाला परके वाटत नाही, आणि त्यास कारणही आहे. हे घराणे मूळचे पोर्तुगीज वंशाच्या ज्यू लोकांचे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना खंडाच्या सिद्धांतामुळे परिचित असलेले डेव्हिड रिकार्डो याच कुळातले. त्यांच्या एका भावाच्या वंशात हॅरीचे वडील हॅल्सी रिकार्डो जन्मले. हॅल्सी हे नामवंत वास्तुशिल्पज्ञ होते. कलकत्त्याला जाणाऱ्या प्रवाशाचे स्वागत करणारी हावडा स्थानकाची लाल विटांची भव्य इमारत त्यांच्याच आराखड्यातून विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात उभी राहिली. आईचे वडील सर अलेक्झांडर रेंडेल हे त्या काळचे विख्यात स्थापत्यविशारद. सिंधू नदीवर सक्कर येथे १८८९ साली पुरा झालेला लॅन्सडाउन पूल ही त्यांचीच रचना. म्हणजे या बालकाच्या घरात हिंदुस्थानातील पूल आणि स्थानके यांचे नकाशे ही रोजची गोष्ट असावी. घर सुखवस्तू, आजोबा अभियंते, वडील कलावंत. हॅरी वयाच्या दहाव्या वर्षापासून हत्यारे हाताळू लागला आणि लहान इंजिने बनवू लागला, यात नवल ते काय! १८९८ साली आजोबांनी मोटारगाडी विकत घेतली. इंग्लंडमध्ये तेव्हा मोटार ही इतकी दुर्मीळ वस्तू होती की, ती जवळून पाहिलेल्या पहिल्या थोड्या मुलांत हॅरीची गणना होते.

रग्बी येथील शाळेतून तो १९०३ साली केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात स्थापत्यशास्त्र शिकण्यास गेला. दुसऱ्याच वर्षी विद्यापीठाच्या मोटार-मंडळाने एक गमतीची स्पर्धा जाहीर केली. प्रत्येकाने आपले वाहन स्वतः रचावयाचे, आणि पाव गॅलन, म्हणजे सुमारे १.१४ लिटर पेट्रोलवर ते जास्तीत जास्त दूर न्यावयाचे. हॅरीने एका सिलिंडरची मोटारसायकल तयार केली. स्पर्धेतील सर्व वाहनांत तीच सर्वांत वजनदार होती. पण ती ४० मैल, म्हणजे ६४ किलोमीटर, गेली आणि पहिली आली. इतरांचे लक्ष वजन कमी करण्याकडे होते, याचे लक्ष इंधन नीट जळण्याकडे होते. पुढे सत्तर वर्षे या माणसाने जे केले, त्याची ही पहिली खूण म्हणता येईल.

हा पराक्रम पाहून प्राध्यापक बर्ट्राम हॉपकिन्सन यांनी त्याला आपल्या इंजिन-संशोधनात ओढून घेतले. १९०६ साली पदवी घेऊन रिकार्डो यांनी आणखी एक वर्ष केंब्रिजमध्येच काढले. गुरू आणि शिष्य दोघेही एका विलक्षण आवाजाच्या मागे लागले होते.

तो आवाज कोणता, हे सांगण्यापूर्वी थोडे यंत्रशास्त्र सांगणे भाग आहे. प्रस्तुत लेखक कलाशाखेचा पदवीधर असल्यामुळे विज्ञानशिक्षकांनी हा परिच्छेद उदार मनाने वाचावा. लोहाराच्या भट्टीत कोळसा असतोच. पण भाता ओढल्याखेरीज लोखंड तापत नाही. आपल्या घरी आजीने फुंकणीने चुलीत हवा घातली की निखारा फुलतो. इंजिनाचेही तसेच. सिलिंडरमध्ये जितकी हवा मावेल, तितकेच पेट्रोल जळू शकते. पेट्रोल कितीही ओतले तरी हवेविना ते वाया जाते. म्हणून इंजिनाची शक्ती वाढवण्याचा सरळ मार्ग म्हणजे त्यात हवा दाबून भरणे. दट्ट्या खाली जाताना आपल्या ओढीने जेवढी हवा घेईल, तेवढीवर समाधान न मानता पंख्याने ती आत ढकलावयाची. हा पंखा इंजिनाच्या दांड्यावर फिरवला तर त्यास सुपरचार्जर म्हणतात. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर, जो एरवी आकाशात वाया जातो, त्याच्या झोताने तो फिरवला तर टर्बोचार्जर. या दुसऱ्या युक्तीचा एकाधिकार स्वित्झर्लंडमधील आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ सालीच घेतला होता. फुकटच्या धुराने भाता ओढावयाचा, ही कल्पना खरोखर देखणी आहे.

मग अडचण कोणती? अडचण ही की, हवा एका मर्यादेपलीकडे दाबली की इंजिन आतून ठोकू लागते. कोणी पत्र्यावर बारीक हातोडीने मारावे तसा ठणठण आवाज येतो. आमचे कारागीर त्यास नॉकिंग म्हणतात. हा आवाज दुर्लक्षिला तर दट्ट्याच्या माथ्याला भोके पडतात, झडपा जळतात, बेअरिंगे फुटतात. त्या काळचा सार्वत्रिक समज असा होता की, सिलिंडरमधला काजळीचा एखादा लालबुंद कण किंवा तापलेला प्लग ठिणगीची वाट न पाहता इंधनाला आधीच पेटवतो आणि म्हणून हा आवाज होतो. रिकार्डो यांचे म्हणणे पडले की, हे दोन निरनिराळे रोग आहेत. अकाली पेटणे हा एक रोग खरा. पण तो बहुधा गुपचूप येतो. ठोका हा दुसराच. तो ठिणगी पडल्यानंतर होतो, आधी नव्हे.

पहिल्या महायुद्धापूर्वीच त्यांनी त्याचे कारण ताडले होते. चैत्रात डोंगरावरचे वाळलेले गवत एका टोकाला पेटले म्हणजे ज्वाळा क्रमाने पुढे सरकते, तशीच ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरभर पसरते. परंतु डोंगर मोकळा असतो, सिलिंडर बंद असतो. जळालेला वायू फुगतो आणि पलीकडच्या कोपऱ्यात अजून न जळलेल्या मिश्रणाला दाबत जातो. दाबले की तापते. ज्योत तिथवर पोहोचण्यापूर्वीच ते मिश्रण इतके तापते की, ते सारेच्या सारे एका क्षणी आपोआप पेट घेते. त्यातून उठणारी दाबाची लाट सिलिंडरच्या भिंतीवर आदळते, तो ठोका. रोगाचे निदान असे झाले म्हणजे उपचारही सुचतात. ज्योतीला जावे लागणारे अंतर कमी करावे, तिचा वेग वाढवावा, अथवा त्या कोपऱ्यातील मिश्रण थंड ठेवावे. चौथा मार्ग म्हणजे इतक्या सहज न पेटणारे इंधन शोधावे. रिकार्डो यांनी हे चारही मार्ग पुढे चोखाळले.

व्यवहारात मात्र सुरुवातीस अपयशच आले. त्यांचे चुलतबंधू राल्फ यांनी समुद्रकाठच्या शोरहॅम गावी मोटारींचा छोटा कारखाना काढला होता. त्यांच्या ‘डॉल्फिन’ नावाच्या गाडीसाठी रिकार्डो यांनी १९०९ साली दोन फेऱ्यांचे इंजिन रचले. गाड्या उत्तम होत्या. पण विकून मिळणाऱ्या पैशापेक्षा बनवण्याचा खर्चच अधिक! १९११ साली कारखाना बुडाला आणि राल्फ हिंदुस्थानात निघून आले. त्याच वर्षी हॅरी यांचा विवाह बिअट्रिस हेल या चित्रकला शिकणाऱ्या तरुणीशी झाला.

पुढे महायुद्ध पेटले. १९१६ साली रणगाडे प्रथम रणांगणात उतरले, तेव्हा त्यांच्या इंजिनातून इतका धूर निघे की, लपलेला रणगाडा शत्रूला दुरूनच दिसे. धूर कमी करण्याचा उपाय विचारण्यासाठी रिकार्डो यांना बोलावले गेले. त्यांनी पाहिले की, खड्ड्यात उतरताना नि चढताना गाडी तिरपी होते, तेव्हा वंगणाचे तेल दट्ट्याच्या वर जाऊन जळते. जुन्या इंजिनाला ठिगळ लावून भागणार नाही. तेव्हा त्यांनी नवेच इंजिन आखले. ॲल्युमिनियम आणि उंची पोलाद विमानांसाठी राखून ठेवलेले, म्हणून साध्या धातूंतच काम भागवावयाचे होते. जुने इंजिन १०५ अश्वशक्तीचे होते, हे १५० अश्वशक्तीचे झाले. १९१७ च्या एप्रिलपर्यंत दर आठवड्याला शंभर इंजिने बाहेर पडू लागली. त्यांपैकी काहीशे रणगाड्यांत न जाता इस्पितळांत आणि छावण्यांत दिवे लावण्याच्या कामी आली. युद्धयंत्राच्या यशाचे गुणगान शालेय मासिकात किती करावे, याविषयी प्रस्तुत लेखकाचे मन साशंक आहे. त्या दिव्यांची हकीकत मात्र आवर्जून सांगावीशी वाटली.

हॉपकिन्सन या काळात सैन्याच्या विमानविभागात वरिष्ठ अधिकारी झाले होते. त्यांनी आपल्या जुन्या शिष्याला विमान-इंजिनांच्या संशोधनासाठी बोलावून घेतले. विमानाला तर दाबाचा प्रश्न जीवन-मरणाचा. उंचावर हवा विरळ होते आणि इंजिन दमेकऱ्यासारखे धापा टाकू लागते. तेथे हवा दाबून भरण्यावाचून गत्यंतर नसते. १९१८ च्या ऑगस्टमध्ये हॉपकिन्सन स्वतः विमान चालवीत असताना अपघात होऊन मृत्यू पावले. गुरूची जागा शिष्याकडे आली. ज्याच्याबरोबर त्या आवाजाचा पाठलाग आरंभला होता, तो सोबती गेला आणि काम अर्धेच राहिले होते.

रणगाड्यांच्या इंजिनांबद्दल रिकार्डो यांना ३०,००० पौंडांचे मानधन मिळाले. त्या रकमेचे त्यांनी काय केले? शोरहॅम येथेच जागा घेऊन १९१९ साली आपली प्रयोगशाळा उभारली. जेथे डॉल्फिन बुडाली, त्याच गावी.

येथे बनलेले एक यंत्र इंजिनशास्त्राच्या इतिहासात अमर झाले आहे. त्याचे नाव ‘ई-३५’. एकच सिलिंडर, पण तो चालत्या इंजिनावर वरखाली सरकवता येई, म्हणजे मिश्रण किती दाबले जावे हे कारागीर चाक फिरवून बदलू शके. एक इंधन घ्यावयाचे, दाब थोडा थोडा वाढवावयाचा, आणि ठोका ऐकू येताच आकडा टिपून घ्यावयाचा. मग दुसरे इंधन, पुन्हा तेच. वैद्य जसा नाडीवर बोटे ठेवून बसतो, तशी ही परीक्षा होती. शेल तेलसमूहाच्या खर्चाने चाललेल्या या कामात हेन्री टिझर्ड आणि डेव्हिड पाय हे दोघे विद्वान रिकार्डो यांच्या जोडीला होते.

या परीक्षेतून जे निघाले, त्याने साऱ्यांना चकित केले. त्या काळी पेट्रोलची प्रत त्याच्या हलकेपणावरून ठरे. जितके हलके, तितके उत्तम. बोर्निओ बेटातील पेट्रोल जड पडे, म्हणून ते कुचकामी समजून त्याचा मोठा भाग तेथल्या जंगलातच जाळून टाकला जात असे. ‘ई-३५’ ने दाखवले की, ठोका न होता सर्वांत अधिक दाब सोसणारे तेल हेच! त्यात बेंझीन, टोल्यूईन यांच्या जातीची द्रव्ये भरपूर होती, आणि ती सहजासहजी आपोआप पेटत नाहीत. उलट नावाजलेली काही हलकी तेले लगेच ठोकू लागत. रिकार्डो यांनी इंधनांची प्रत टोल्यूईनच्या प्रमाणावरून मोजण्याची पद्धत सुचवली. आज पंपावर ९१, ९५, १०० असे जे ऑक्टेनचे आकडे दिसतात, ते मोजमाप पुढे अमेरिकेत १९२० नंतरच्या दशकात ठरले. परंतु इंधनाची प्रत ठोक्यावरून मोजावयाची, हा विचार शोरहॅमच्या त्या एका सिलिंडरातून पक्का झाला.

ठोका दाबण्याचा एक सोपा उपाय अमेरिकेत १९२१ साली सापडला होता. पेट्रोलमध्ये शिशाचे एक संयुग चिमूटभर घालावयाचे. उपाय स्वस्त आणि गुणकारी होता, पण विषारी. मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो हे पुढे निर्विवाद ठरले. भारतात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० साली बंद झाली, आणि जगातील शेवटच्या देशाने ती २०२१ साली थांबवली. रिकार्डो यांनी ज्या दुसऱ्या द्रव्याची कसून परीक्षा केली, ते म्हणजे मद्यार्क. तो ठोक्याला दाद देत नाही. शिवाय सिलिंडरात शिरताना वाफ होण्यासाठी पुष्कळ उष्णता शोषून घेतो, त्यामुळे आतले मिश्रण थंड राहते. जमिनीतले तेल कधीतरी सरणार, आणि वनस्पतींपासून होणारा मद्यार्क मात्र दरवर्षी पिकवता येईल, हेही त्यांनी १९२० नंतरच्या त्या पहिल्या वर्षांतच ओळखले होते. २०२५ पासून आपल्या देशातील पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्रास मिळते. त्यातला काही भाग बेळगाव आणि कोल्हापूरकडच्या उसाचा आहे, हे आमच्या सीमाभागातील वाचकांना सांगावयास नको.

आता विद्यार्थ्यांच्या मूळ कुतूहलाकडे वळू. दाब सुखरूपपणे वाढवावयाचा कसा? इतिहासात याचे सर्वांत मोठे उदाहरण १९४० सालचे. ब्रिटिश लढाऊ विमानांतील मर्लिन इंजिनाला ८७ ऑक्टेनच्या पेट्रोलवर वातावरणाच्या वर दर चौरस इंचास सुमारे सव्वासहा पौंड दाब सोसत असे. १०० ऑक्टेनचे पेट्रोल मिळताच तोच दाब १२ पौंडांपर्यंत नेता आला, आणि शक्ती सुमारे १०३० वरून १३१० अश्वशक्तीवर गेली. सिलिंडर तेच होते, दट्टे तेच होते. मुख्य बदल इंधनात झाला.

मोटारींत टर्बोचार्जर प्रथम १९६२ साली अमेरिकेत विक्रीस आला. त्यांतील ओल्ड्समोबील कंपनीच्या ‘जेटफायर’ गाडीची गोष्ट मोठी बोधक आहे. तिच्या इंजिनात मिश्रण आधीच सव्वादहापट दाबले जात होते, आणि त्यावर टर्बोचा सुमारे ५ पौंडांचा दाब. ठोका होणारच! म्हणून तिच्यात पाणी आणि मेथिल मद्यार्क यांचे मिश्रण आत फवारण्याची सोय केली होती. या द्रवाची वेगळी टाकी होती. ती रिकामी झाली की एक झडप आपोआप दाब घटवी. युक्ती शास्त्रशुद्ध होती; पण अनेक मालक टाकी भरावयास विसरत आणि गाडी मंद झाली म्हणून तक्रार करीत. दुसऱ्याच वर्षी ती गाडी बंद झाली. स्वीडनच्या साब कंपनीने १९७० नंतरच्या दशकात निराळी वाट धरली. सिलिंडरातले संपीडन मुद्दाम कमी ठेवले, आणि टर्बोचा दाब ठरलेल्या मर्यादेवर जाताच धुराला दुसरीकडून वाट करून देणारी वेस्टगेट नावाची झडप बसवली. पुढे १९८२ साली त्याच कंपनीने इंजिनाच्या अंगावर एक छोटासा विद्युत कान बसवला. ठोक्याची चाहूल लागताच तो दाब कमी करवी, ठोका थांबला की पुन्हा चढवी. शोरहॅमचा कारागीर चाकावर हात ठेवून जे करीत होता, तेच आता यंत्र स्वतःच करू लागले.

म्हणून कोणी हौशी तरुण केवळ वेस्टगेटची दोरी आवळून किंवा संगणकाचा आकडा बदलून दाब वाढवू पाहील, तर त्याने हे ध्यानी घ्यावे. हवा दाबली की तापते. ३० अंश सेल्सिअसची हवा टर्बोने दुप्पट दाबाला नेली तर तिचे तापमान १०० अंशांच्या वर जाते, आणि इतकी तापलेली हवा म्हणजे ठोक्याला आमंत्रण. तिला वाटेत थंड करणारा इंटरकूलर पुरेसा मोठा हवा. हवा वाढली तर पेट्रोलही त्या प्रमाणात वाढले पाहिजे. पंप आणि फवारे तोकडे पडले तर मिश्रण विरळ होऊन अधिकच तापते, आणि दट्टे वितळतात ते बहुधा अशाच वेळी. ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते, म्हणजे दाबाचे शिखर खाली येते. पेट्रोल वरच्या ऑक्टेनचे हवे, आणि एकदा त्या पेट्रोलवर यंत्र जुळवले की हलके पेट्रोल घालून भरधाव जाण्याची सोय उरत नाही. धुराचे तापमान आणि मिश्रणाचे प्रमाण मोजणारी उपकरणे लावावी, दाब एकदम न वाढवता अर्धा-एक पौंडाने चढवावा, आणि प्रत्येक पायरीवर ठोका ऐकावा. ऐकू आला की एक पायरी मागे. खरे तर आजचे कान इतके तीक्ष्ण आहेत की, माणसाला ऐकू येण्यापूर्वीच ते ठिणगी मागे ओढतात. वाढवलेला दाब मग कागदावरच राहतो. याखेरीज जोडपट्ट्या, दांडे, गिअरपेटी आणि ब्रेक यांना वाढीव जोर पेलेल का, हा प्रश्न उरतोच. बी. ए. च्या वर्गात डेव्हिड रिकार्डो यांचा सिद्धांत घोकताना आम्ही शिकलो होतो की, जमिनीवर अधिकाधिक श्रम ओतले तरी उत्पन्न त्या प्रमाणात वाढत नाही. त्यांच्याच कुळातल्या हॅरींनी सिलिंडरातही काहीसे तेच दाखवले, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

रिकार्डो यांचे लक्ष केवळ पेट्रोलवर नव्हते. डिझेल इंजिनात आधी फक्त हवा दाबली जाते आणि इंधन मागाहून फवारले जाते. कोपऱ्यात दडून पेट घेणारे मिश्रणच तेथे नसते. म्हणून टर्बोचे आणि डिझेलचे इतके जमते. परंतु त्या काळचे डिझेल इंजिन अवजड आणि सुस्त असे. हवेला गरगर भोवरा दिला तर इंधन तिच्यात झपाट्याने मिसळेल, हे ओळखून त्यांनी ‘कॉमेट’ नावाची ज्वलनपेटी रचली आणि १९३१ साली तिचा एकाधिकार घेतला. लंडनच्या रस्त्यांवरील बसगाड्यांत ती प्रथम आली. छोट्या, वेगवान डिझेल इंजिनांना व्यवहारात पाय रोवता आले, ते पुष्कळ अंशी या भोवऱ्यामुळे. आज बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात भाजीपाला घेऊन येणारे ट्रक टर्बो-डिझेलवर चालतात, तेव्हा त्यांच्यामागे ब्यूखी यांचा पंखा आहे, तशीच रिकार्डो यांनी घातलेली पायवाटही आहे.

त्यांचा ‘द इंटर्नल कम्बस्चन इंजिन’ हा ग्रंथ १९२२-२३ मध्ये दोन खंडांत निघाला आणि पुढे नव्या आवृत्त्यांतून अभियंत्यांच्या कित्येक पिढ्यांनी अभ्यासला. १९२९ साली ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले, १९४४ साली त्यांना त्या संस्थेचे रम्फर्ड पदक मिळाले आणि १९४८ साली सर ही पदवी. दुसऱ्या महायुद्धात फ्रँक व्हिटल यांच्या जेट इंजिनालाही त्यांच्या प्रयोगशाळेची मदत झाली. दट्ट्याच्या इंजिनावर हयात घालवलेल्या माणसाने दट्ट्याला विमानांतून हद्दपार करणाऱ्या यंत्राला हातभार लावावा, यात त्यांच्या मनाचा मोठेपणा दिसतो असे आम्हांस वाटते.

१९६४ साली, वयाच्या ७९ व्या वर्षी, ते निवृत्त झाले. चार वर्षांनी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९७४ साली पडल्याचे निमित्त होऊन त्यांचा पाय मोडला, आणि सुमारे सहा आठवड्यांनी, १८ मे रोजी, वयाच्या ९० व्या वर्षात त्यांचे देहावसान झाले. शोरहॅमची प्रयोगशाळा त्यानंतरही चालू राहिली आणि तेथे नवनव्या इंजिनांच्या परीक्षा होत राहिल्या.